आईमाईचा उद्धार

आजच्या निरूपणाचा विषय थोडा अवघड जागेचा आहे. कीर्तनात समोर आयाबहिणी बसलेल्या असतात, टाळ धरलेली लहान पोरं पुढं उभी असतात, आणि मला बोलायचंय शिवीवर. म्हणून आधीच सांगून ठेवतो, तसला एकही शब्द मी तोंडातून काढणार नाही आणि या पुस्तकातही तो छापला जाणार नाही. तुम्हाला सगळ्या पाठच आहेत, मी कशाला शिकवू?

मराठीत बोलायची एक रीत बघा. दोघांचं भांडण झालं, एकानं दुसऱ्याला नको नको ते शब्द ऐकवले, की बघणारा घरी येऊन काय सांगतो? ‘अहो, त्यानं त्याच्या आईमाईचा उद्धार केला.’ उद्धार! आपण वारकरी माणसं. उद्धार हा शब्द आपल्याकडं कुठं येतो? अजामिळाचा झाला, गजेंद्राचा झाला, अहिल्येचा झाला. देवानं करायची गोष्ट ती. आणि आपण तोच शब्द कशाला लावला, तर दुसऱ्याच्या आईच्या अब्रूचे धिंडवडे काढायला. भाषेलासुद्धा लाज वाटली असणार, म्हणून तिनं उपरोधानं बोलून तोंड लपवलं.

आता भांडण कशावरून होतं ते बघू. भिवंडीतलंच घ्या. अंजूरफाट्याला कुणी टेम्पो आडवा लावला. गोदामात गाडी खाली करायला उशीर झाला. लूमवर बीम संपला तरी कामगार चहालाच बसलेला. चूक झाली त्या माणसाची, समोर उभाय तोच माणूस, राग आला त्याचाच. मग शिवी गेली कुणाला? त्याची आई कुठं आहे? कुणाची शहापूरला, कुणाची जौनपूरला, कुणाची करीमनगरला. ती बिचारी चुलीपुढं बसलीय. तिला ना तो टेम्पो माहीत, ना तो बीम. आणि हजार मैलावरून तिला ओढून आणून भर रस्त्यात उभी केली कुणी? आपण. माझं आजचं सगळं बोलणं एवढ्याच प्रश्नाभोवती आहे. शिवी सुटते एकाच्या तोंडातून, जाते दुसऱ्याच्या कानात, पण पडते कुणाच्या अंगावर?

कुणी म्हणेल, महाराज, हे कलियुग आहे, मोबाईल आला, पोरं बिघडली. नाही हो. ही रीत फार जुनी आहे. इतकी जुनी की ती दगडावर कोरलेली आहे, आणि असा कोरीव इतिहास शोधायला लांब जायला नको. आपल्याच तालुक्यात लोनाड आहे. खंडेश्वरीच्या लेण्यामुळं तुम्हाला माहीत असेल. त्या लोनाडजवळ चौधरपाड्याला शिलाहार राजा केशिदेव याच्या काळातला शिलालेख आहे, शके ११६१ चा. म्हणजे आपली ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्याच्या आधी पन्नासेक वर्षांचा. लेख आहे दानाचा. शिलाहार राजांनी या उत्तर कोकणात देवळांना, ब्राह्मणांना जमिनी दिल्या आणि त्याचे दगड रोवून ठेवले.

आता असं बघा, राजा आज दान देतो. उद्या तो मरतो. मग पुढचा राजा, एखादा सरदार, गावचा बळजोर माणूस, यांनी ती जमीन परत घेतली तर? मेलेल्या राजाचे शिपाई काही येणार नाहीत. तेव्हा या कोकणपट्टीत, ठाण्यापासून अलिबागपर्यंत आणि पलीकडंही, दानाच्या दगडांवर एक चित्र कोरायची पद्धत होती. त्याला गद्धेगाळ म्हणतात. गाळ म्हणजे शिवी. वरती सूर्य आणि चंद्र, म्हणजे ते आहेत तोवर हे दान चालावं. मधे लेख. आणि खालच्या बाजूला एक गाढव आणि एक बाई. काय प्रकार असेल तो तुम्ही समजून घ्या, मी वर्णन करत नाही. अर्थ असा, की जो हे दान मोडील त्याच्या आईची ही गत होवो. काही अभ्यासक म्हणतात ती बाई म्हणजे भूमी, आणि गाढवाचा नांगर फिरून ती ओसाड होईल असा शाप आहे. असेलही. पण कित्येक दगडांवर लेखातच आईचं नाव घेऊन लिहिलंय, तिथं दुसरा अर्थ काढायला जागा उरत नाही.

मुंबईत परळला सापडलेला अपरादित्य राजाचा दगड आहे, शके ११०८ चा, तो आता मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात ठेवलाय. त्यात दानाचा मजकूर संस्कृतात आणि शेवटची शिवी मराठीत. बघा गंमत! पुण्याईची भाषा संस्कृत, आणि दम भरायची वेळ आली की मराठी. कारण ज्याला दम भरायचा त्याला ती कळली पाहिजे ना! आपल्या मराठीच्या अगदी जुन्या लेखांत ही शिवी आहे. भाषेचा अभिमान धरायचा तर हेही पदरात घ्यावं लागेल.

पण मला त्या दगडात दुसरंच दिसतं. दान मोडणार कोण? पुरुष. सत्तावाला पुरुष. पाप त्याचं. आणि शिक्षा कुणाला कोरली? त्याच्या आईला. जिनं ना दान दिलं, ना मोडलं. जिचा जमिनीच्या कागदावर अंगठासुद्धा नाही. जिथं हात पोचत नाही तिथं शिवी धाडायची, आणि ती धाडायची तर जो प्रतिकार करू शकत नाही त्याच्यावर. आठशे वर्षं झाली, दगड झिजले, काही ठिकाणी लोकांनी त्याच दगडाला शेंदूर लावून देवी केली, काही ठिकाणी अशुभ म्हणून पालथा घातला. रीत मात्र पालथी पडली नाही. टेम्पोवाला आजही तेच कोरतो, फक्त हवेत.

आता शिव्यांचा सगळा कोश डोळ्यापुढं आणा. मनातल्या मनात आणा, ओठ हलवू नका. त्यात कोण कोण आहे? आई आहे, बहीण आहे. नवरा मेलेली बाई आहे. तुम्ही म्हणाल, ती कुठं? अहो, आपल्याकडं बायकांच्या भांडणात सर्रास येतो तो ‘रांड’ हा शब्द मूळ संस्कृत ‘रण्डा’ आहे आणि त्याचा अर्थ विधवा. म्हणजे जिचं कपाळ रिकामं झालं तिच्या दुःखाचं नाव हीच शिवी झाली. पोटासाठी देह विकावा लागलेली बाई आहे. बाप माहीत नसलेलं पोर आहे. पुरुषही नाही आणि बाईही नाही म्हणून ज्याला घरातून हाकललं तो जीव आहे. आणि जाती आहेत, गावाबाहेर ठेवलेल्या जाती, त्यांची नुसती नावंच शिव्या झाली. आता मला सांगा, या यादीत एक तरी सावकार आहे? एक तरी पाटील आहे? ‘अरे मामलेदारा’ अशी शिवी ऐकलीय कुणी? नाही. ज्याच्यापाशी जोर आहे त्याच्या नावाची शिवी होत नाही. शिव्यांचा कोश म्हणजे समाजानं ज्यांना खाली दाबलं त्यांची हजेरी आहे.

आणि हीच हजेरी दुसरीकडं कुठं लागते सांगू? पंढरपुरात. महाद्वारासमोर नामदेव पायरीजवळ समाधी कुणाची? चोखोबांची. ज्यांच्या जातीचं नाव लोक शिवी म्हणून वापरत होते, त्यांच्यापुढं नमस्कार करूनच आपण आत जातो. देवळाच्या आत तरटीच्या झाडाजवळ कोण? कान्होपात्रा. मंगळवेढ्याच्या गणिकेची मुलगी. तिच्या आईच्या धंद्याचं नाव आजही भांडणात शिवी म्हणून निघतं, आणि ती मुलगी देवाच्या आवारात आहे. नामदेवांच्या घरची दासी जनी. तुमच्या शिवीच्या कोशातली माणसं पांडुरंगानं एकेक करून उचलली आणि जवळ नेऊन बसवली.

आणि आपली माउली? माउलींना काय म्हणत होते लोक? ‘संन्याशाची पोरं.’ आज आपल्याला या शब्दांत काही जड वाटत नाही. त्या काळात तो घाव होता. कारण तो शब्द त्या लेकरांवर नव्हताच. तो होता त्यांच्या आईवर, रुक्मिणीबाईवर. संन्यास घेतलेल्या माणसाशी संसार केला, त्यातून ही झाली, असं त्या शब्दाच्या पोटात होतं. म्हणजे आईचाच उद्धार! परंपरा सांगते, की एकदा आळंदीत असाच अपमान झाला आणि माउली कोपून झोपडीत गेले आणि ताटी लावून बसले. ताटी म्हणजे झोपडीचं दार. ज्यांनी पुढं जगाला ज्ञान दिलं, त्यांनाही तो शब्द सोसवेना, दार लावून घ्यावंसं वाटलं. मग बाहेर मुक्ताबाई उभी राहिली आणि तिनं समजूत घातली, ते ताटीचे अभंग आपण म्हणतो. मी पोरांना सांगत असतो, की तुमच्या तोंडातून एक शब्द सुटतो आणि तुम्ही पुढच्या नाक्यावर विसरून जाता. ज्याला लागला तो ताटी लावून आत बसलेला असतो. प्रत्येकाच्या दाराबाहेर मुक्ताई येतेच असं नाही.

इथं एक सांगून ठेवतो, थोडं विषयाबाहेरचं. नाथमहाराजांची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. पैठणला गोदेवरून स्नान करून येताना एक माणूस त्यांच्या अंगावर थुंकायचा, नाथ परत स्नानाला जायचे, असं एकशे आठ वेळा झालं. गोष्ट थोर आहे. पण आमच्यातले काही कीर्तनकार ही गोष्ट चुकीच्या माणसाला सांगतात. घरात सासऱ्याच्या शिव्या खाणाऱ्या सुनेला सांगतात, मुकादमाच्या शिव्या खाणाऱ्या हमालाला सांगतात, की बघ, नाथांनी सोसलं, तूही सोस. नाथ सोसत होते ते स्वतःच्या बळावर, कुणी डांबून नव्हे. ती गोष्ट थुंकणाऱ्याला सांगायची असते. खाणाऱ्याला नाही.

आता जो शंका काढणारा असतो तो म्हणेल, महाराज, मग जनाबाईंचं काय? बरोबर आहे शंका. जनाबाईंनी विठोबाला शिव्या दिल्यात, आणि साध्यासुध्या नाहीत. देव मेला असं म्हटलंय, त्याची बायको रांडावली असं म्हटलंय. तो अभंग आपण टाळ वाजवून म्हणतो, आयाबाया हसत हसत म्हणतात, कुणाला वाटत नाही काही. मग ती शिवी का टोचत नाही? एक तर जनी खाली आहे आणि देव वर आहे. दासी धन्याला बोलते आहे. शिवी खालून वर गेली की तिला धार नसते, ती लाडाची होते, नाहीतर गाऱ्हाणं होते. दुसरं म्हणजे तिचं भांडण विठोबाशी आहे आणि ती विठोबालाच बोलते. बरं, बायकोचं नाव घेतलं म्हणाल, तर रखुमाई काय जनीला परकी आहे? घरातलं भांडण आहे ते. आणि शिवी देऊन झाल्यावर दळायला कुणाला बोलावते? त्यालाच!

आपल्या घरात नाही का, आई पोराला ‘मेल्या, मुडद्या’ म्हणते आणि दुसऱ्या हातानं भाकरीवर तूप घालते? शब्द तोच, पण अंगावर पडतो तो फुलासारखा. शब्दाची जात नसते, तो येतो कुठून आणि पडतो कुठं यावर सगळं आहे.

समाजानंही शिवीला मोकळं सोडायचे दिवस ठरवून ठेवलेत. शिमग्याला बोंब मारायची. आमच्या आगरी गावात हावलीला पोरं काय काय बोलतात ते माहीत आहे तुम्हाला. आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर चालणाऱ्यांना लोणंदचा मुक्काम ठाऊक आहे. त्याच खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावं. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर येतात आणि हातवारे करून, डफ-हलगीच्या तालावर एकमेकींना शिव्या घालतात. ‘बोरीचा बार’ म्हणतात त्याला. लांबलांबून लोक बघायला येतात. आणि बार संपला की परत सोयरीक, परत येणं-जाणं. वर्षभर ज्यांना ‘हळू बोल’ म्हणून गप्प बसवलं त्यांना एक दिवस मोकळं रान. मला विचाराल तर मी त्याला नावं ठेवणार नाही. दोन्हीकडं बायकाच, दोन्हीकडं सारखाच जोर, आधी ठरलेला दिवस आणि मधे वाहता ओढा. आपल्या शिवीत यातलं एक तरी आहे का?

कायदा काय म्हणतो तेही थोडं समजून घ्या, कारण पुष्कळांना वाटतं शिवी दिली तर कोण काय करतंय. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिचं कलम २९६ आहे, जुनं २९४. सार्वजनिक जागी किंवा तिच्या जवळ, दुसऱ्यांना त्रास होईल अशा रीतीनं अश्लील शब्द उच्चारले किंवा अश्लील गाणं म्हटलं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम ३५२, जुनं ५०४, म्हणजे समोरचा भडकून शांतता मोडेल अशा हेतूनं मुद्दाम केलेला अपमान. त्याला दोन वर्षांपर्यंत. आणि कलम ७९, जुनं ५०९, म्हणजे स्त्रीची लाज जाईल अशा हेतूनं काढलेला शब्द, केलेली खूण. त्याला तीन वर्षांपर्यंत साधी कैद आणि दंडही. जातीचं नाव घेऊन शिवी दिली, चारचौघांच्या देखत दिली, आणि समोरचा अनुसूचित जातीजमातीचा असेल, देणारा नसेल, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो. तिथं सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि अटकपूर्व जामिनाची वाट कायद्यानंच बंद केलीय.

यात एक गोष्ट ध्यानात आली का? कायद्यानं शिव्यांची यादी कुठंच दिलेली नाही. अमुक शब्द गुन्हा, अमुक नाही, असा कागद नाही. कायदा विचारतो, जागा कोणती, ऐकणारा कोण, त्रास कुणाला झाला, हेतू काय होता. म्हणजे जनाबाईंच्या बाबतीत आपण जे विचारलं तेच कोर्ट विचारतं.

मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका वेब मालिकेच्या खटल्यात सांगितलं, की शिवराळ बोलणं ओंगळ असेल, असभ्य असेल, पण शिवी आहे एवढ्यावरून ते कायद्याच्या अर्थानं अश्लील होत नाही. तरुण पोरं रागानं, वैतागानं बोलतात तेव्हा त्या शब्दाचा शब्दशः अर्थ कुणाच्याच मनात नसतो, असा त्या निकालाचा भाव आहे. दुसरीकडं आपल्या महाराष्ट्रातलीच गोष्ट, कवी वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची गांधीजींवरची कविता. १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या एका अंकात छापली गेली, खटला झाला, आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की कवीला मोकळीक आहे, पण गांधीजींसारख्या पूज्य माणसाच्या तोंडी अश्लील शब्द घालताना तीच मोकळीक चालणार नाही. त्या निकालावर वाद घालणारे जाणते लोक आहेत, आणि तो वाद होऊ द्यावा. मी एवढंच बघतो, की एका ठिकाणी शब्द सुटला आणि दुसऱ्या ठिकाणी अडला, आणि दोन्हीकडं प्रश्न होता तो कुणाच्या तोंडी आणि कुणावर, हाच.

पण पहिल्या निकालातली एक गोष्ट माझ्या मनाला थोडी टोचते, ती बोलतो. शब्दाचा शब्दशः अर्थ कुणाच्या मनात नसतो हे खरं. टेम्पोवाल्याच्याही नसतो. पण शेजारून जी बाई दळण घेऊन चाललीय ना, तिला विचारा. तिच्या कानाला अर्थ पोचतो. बोलणारा दोघांमध्येच बोलतो, आणि ऐकावं लागतं अख्ख्या रस्त्यातल्या बायकांना.

भिवंडीला शब्दाची किंमत दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही. ७ मे १९७० ला, शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी, या गावात दंगल पेटली. न्यायमूर्ती मादन यांच्या चौकशी आयोगानं मोठा अहवाल लिहिला, त्यात चिथावणीच्या घोषणांचा विषय आहे. घोषणा म्हणजे तरी काय? हजार तोंडांनी एकदम दिली तर शिवीचीच घोषणा होते. ज्यांना ती दिली ते तर नुसते ऐकत होते, आणि नंतर घरं कुणाची जळली? मिरवणुकीतही नव्हते आणि समोरही नव्हते अशांची. आईवरच्या शिवीचा जो हिशोब, तोच इथं. भांडण एकाचं, पडलं तिसऱ्यावर. १९८४ ला पुन्हा तेच.

मग पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे इथं आले. त्यांनी १९८८ च्या सुमारास मोहल्ला कमिट्या केल्या. गल्लीगल्लीतली दोन्ही समाजांची माणसं, बायकाही, आणि त्या भागाचा पोलीस, एकत्र बसायला लागले. गटाराचं, पाण्याचं, भाडेकरूचं, नळावरच्या भांडणाचं बोलायला लागले. १९९२-९३ ला शेजारची मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. जुने लोक अजून सांगतात. यात मोठं तत्त्वज्ञान नव्हतं. माणसाला माणसाचं नाव माहीत झालं. त्याची आई कोण, तिला गुडघेदुखी आहे, ती अमुक दवाखान्यात जाते, हे माहीत झालं. मग त्या आईचं नाव घेऊन तोंड उघडवत नाही हो! ‘त्याची आई’ अशी असते तोवर जीभ चालते. ‘आपली अमुकतमुकची चाची’ झाली की अडखळते.

आता शेवटची गोष्ट, आणि माझ्या मनाला सगळ्यात गोड वाटलेली. अहिल्यानगर जिल्ह्यात नेवासा तालुका. नेवासं म्हणजे आपलं काशीच्या तोडीचं. ज्यांना लोकांनी ‘संन्याशाची पोरं’ म्हटलं, त्यांच्यातल्या एकानं पैस खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली ती तिथं. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगितलंय, की बोलणं असं असावं ज्यानं कुणाला उद्वेग होऊ नये, जे खरं असावं, गोड असावं आणि हिताचं असावं. माउलींनी त्यावर मराठीत निरूपण केलं ते याच भूमीवर. त्याच तालुक्यात सौंदाळा नावाचं गाव आहे, दोन हजारांच्या आतलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला, की गावात कुणी आईबहिणीवरून शिवी दिली तर पाचशे रुपये दंड. सरपंच शरद आरगडे यांनी कारण सांगितलं ते असं, की शिवी देणारा विसरतो, आईबहिणीच्या नावानं जे बोलतो ते त्याच्या स्वतःच्या घरातल्या बाईलाही लागू होतं. झालं. निरूपण करायला मला दीड तास लागतो, सरपंचांनी एका वाक्यात उरकलं.

आणि याच गावानं आणखी एक ठराव केलेला आहे, विधवा प्रथा बंद करण्याचा. नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. मघाशी मी म्हटलं, की विधवेच्या दुःखाचं नाव शिवी झालं. या गावानं एका ठरावानं ते दुःख हलकं केलं आणि दुसऱ्या ठरावानं शिवी काढली. मुळापासून काढायची तर अशीच काढावी लागते. नुसती जीभ आवळून भागत नाही, जिच्या नावाची शिवी होते तिला आधी घरात आणि गावात मानानं उभं करावं लागतं.

हा काही विधानसभेचा कायदा नाही. गावानं गावापुरतं धरलेलं बंधन आहे, आणि ते लोकांच्या राजीखुशीवरच चालणार. पण आपली दिंडीही तशीच चालते ना? दिंडीत दारू नाही, तंबाखू नाही, हे नियम कुठल्या सरकारनं केले? आपणच केले. मग मी विणेकऱ्यांना, चोपदारांना विनंती करतो, की यंदा आषाढीला निघताना त्याच यादीत ही एक ओळ घाला. पाण्याच्या टँकरपाशी रांगेत, ट्रकमध्ये सामान चढवताना, मुक्कामाला जागा धरताना, जिथं जीभ सुटते तिथंच ती ओळ लागते. आणि दंड घ्यायचा ठरवलात तर पेटी दिंडीतल्या बायकांच्या हाती द्या, कारण शिवी त्यांच्या अंगावर पडलेली असते. त्या पैशाचं काय करायचं ते त्या ठरवतील.

घरी, कामावर, रस्त्यात कुणाला त्रास होत असेल त्यांनी एवढं लक्षात ठेवा. पोलिसांचा नंबर ११२ आहे. स्त्रीच्या अपमानाचं कलम ७९ आणि रस्त्यावरच्या अश्लील शब्दांचं २९६ ही दखलपात्र आहेत, त्यात पोलीस गुन्हा नोंदवून घेऊ शकतात. ३५२ अदखलपात्र आहे, तिथं एनसी लिहून मिळते. ठाण्यात गेल्यावर शब्द सांगायला लाज वाटते, आणि बायका तिथंच माघारी फिरतात. लाजू नका. कागदावर लिहून द्या. तो शब्द तुमचा नाही, ज्यानं काढला त्याचा आहे. सोबत शेजारीण न्या, जिनं ऐकलं ती. आणि बाप्यांनो, तुम्ही ऐकलं असेल तर तुम्हीही साक्षीला जा.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम, पंढरीनाथ महाराज की जय.